परदेशातील आंतरराष्ट्रीय शाळेत शिकवायला जाण्यापूर्वी : खानदेशातील शिक्षकांसाठी मार्गदर्शक

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांतील बी.एड. झालेले, गणित किंवा विज्ञान उत्तम शिकवणारे आणि काही वर्षे वर्गात घालवलेले अनेक शिक्षक दुबई, दोहा, मस्कत किंवा सिंगापूर येथील शाळांच्या जाहिराती पाहत असतात. मुलाखत पार पडली की बाकी सारे आपोआप होईल, अशी त्यांतील बहुतेकांची समजूत असते. प्रत्यक्षात मुलाखतीला तासभर लागतो. वेळ आणि पैसा जातो तो कागदपत्रांत, शाळेची पारख करण्यात, कराराच्या अटी समजून घेण्यात आणि मागे राहणाऱ्या घर-शेतीची व्यवस्था लावण्यात. ही सगळी कामे विमानात बसण्यापूर्वी, आपल्या गावी असतानाच करायची असतात आणि ती ठरावीक क्रमानेच करावी लागतात. ज्या ऑगस्टमध्ये रुजू व्हायचे, त्याच्या आदल्या वर्षीच्या जूनमध्ये कामाला लागावे, असा हिशेब धरून पुढील पायऱ्या मांडल्या आहेत.

पहिली पायरी : शाळा कोणत्या प्रकारची आहे ते ओळखावे

‘इंटरनॅशनल’ हा शब्द शाळेच्या नावात असल्याने काहीच सिद्ध होत नाही. ती शाळा कोणता अभ्यासक्रम शिकवते आणि तिला कोणी मान्यता दिली आहे, हे पाहावे. आखाती देशांत सीबीएसईशी संलग्न भारतीय शाळांची संख्या मोठी आहे. तेथील विद्यार्थी बहुतांशी भारतीय असतात, वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, पुस्तके ओळखीची असतात आणि भारतीय बी.एड. पदवीबद्दल कोणी शंका घेत नाही. वर्ग मात्र भरलेले असतात आणि वेतन त्याच शहरातील ब्रिटिश किंवा आयबी शाळांच्या तुलनेत कमी असते. ब्रिटिश पद्धतीच्या शाळांत आयजीसीएसई (साधारण दहावीच्या पातळीची) आणि ए लेव्हल (साधारण बारावीच्या पातळीची) या परीक्षांची तयारी करून घेतली जाते. आयजीसीएसई १९८८ पासून चालू आहे. आयबी, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, ही संस्था १९६८ मध्ये जिनिव्हा येथे स्थापन झाली. प्राथमिक वर्गांसाठी पीवायपी, मधल्या वर्गांसाठी एमवायपी आणि शेवटच्या दोन वर्षांसाठी डिप्लोमा असे तिचे मुख्य कार्यक्रम आहेत. याशिवाय अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळाही आहेत. तेथे बहुधा अमेरिकेतील एखाद्या राज्याचा शिक्षक परवाना मागितला जात असल्याने भारतीय उमेदवाराला प्रवेश अवघड जातो.

एक अप्रिय वस्तुस्थिती आधीच सांगितलेली बरी. काही शाळा ब्रिटिश, अमेरिकन किंवा ऑस्ट्रेलियन पासपोर्ट असलेल्या शिक्षकांना प्राधान्य देतात, आणि एकाच शाळेत एकाच कामासाठी परदेशातून बोलावलेल्या पाश्चात्त्य शिक्षकाचे आणि भारतीय शिक्षकाचे वेतन वेगळे असल्याचेही आढळते. इंग्रजी विषय शिकवणाऱ्यांना ही अडचण सर्वाधिक जाणवते, तर गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, संगणक आणि विशेष गरजा असलेल्या मुलांचे शिक्षण या विषयांच्या शिक्षकांना ती कमी जाणवते. म्हणून ज्यांच्याकडे दोन विषयांची पात्रता आहे त्यांनी अर्ज विज्ञान-गणिताच्या बाजूने करावा.

शाळेची पारख घरबसल्या करता येते. आयबीची मान्यता असलेल्या शाळा आयबीच्या संकेतस्थळावर शोधता येतात. दुबईतील खासगी शाळांवर केएचडीए ही २००६ मध्ये स्थापन झालेली संस्था देखरेख करते आणि तिचे तपासणी अहवाल कोणालाही वाचता येतात. अबू धाबीत हेच काम एडेक ही संस्था करते. अहवालात शाळेची श्रेणी पाहून थांबू नये, तर शिक्षक किती संख्येने दरवर्षी सोडून जातात याचा उल्लेख आहे का ते पाहावे. दरवर्षी निम्मे शिक्षक बदलणाऱ्या शाळेत काहीतरी बिघडलेले असते, मग तिची इमारत कितीही झगझगीत असो. माझे मत असे आहे की पहिल्या नोकरीत दोन पैसे कमी मिळाले तरी चालतील, पण जी शाळा स्वतःच्या खर्चाने केंब्रिज (आयजीसीएसई घेणारी ब्रिटिश परीक्षा संस्था) किंवा आयबीचे प्रशिक्षण देते तीच निवडावी. दुसरी नोकरी त्या प्रशिक्षणावर मिळते.

दुसरी पायरी : कागदपत्रे

सर्वाधिक वेळ येथेच लागतो, आणि ही पायरी उशिरा सुरू करणाऱ्याचे हातात आलेले ऑफर लेटरही वाया जाऊ शकते.

सुरुवात नावापासून करावी. आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव असा क्रम असतो. पदवीवर तो कधी बदललेला असतो, आणि लग्नानंतर आधार व पॅनवर शिक्षिकेचे आडनाव आणि मधले नाव दोन्ही बदललेले असते. चौधरी, महाजन, पाटील, सूर्यवंशी यांसारख्या आडनावांचे रोमन स्पेलिंग दहावीला एक, पदवीला दुसरे आणि पासपोर्टवर तिसरे, हा प्रकार खानदेशात घरोघरी सापडेल. परदेशातील कार्यालयातील कर्मचाऱ्याला ही तीन वेगवेगळी माणसे वाटतात. म्हणून पासपोर्टवरील नाव हे प्रमाण मानून बाकीची कागदपत्रे एका टेबलावर मांडावीत, तफावतींची यादी करावी आणि आवश्यक तेथे राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्यावा किंवा प्रतिज्ञापत्र करावे. विवाह नोंदणी प्रमाणपत्र नसेल तर तेही आताच काढावे, कारण जोडीदाराच्या व्हिसासाठी ते लागतेच.

पासपोर्ट नसेल तर जिल्ह्याच्या टपाल कार्यालयातील पासपोर्ट सेवा केंद्रातून किंवा नाशिकच्या केंद्रातून तो काढता येतो. छत्तीस पानांच्या साध्या पासपोर्टचे शुल्क १,५०० रुपये आहे. जिल्हा परिषदेच्या किंवा अन्य शासकीय सेवेतील शिक्षकांनी अर्जापूर्वी कार्यालयाकडून ना हरकत प्रमाणपत्र घ्यावे किंवा कार्यालयाला लेखी पूर्वसूचना देऊन तिची प्रत अर्जासोबत जोडावी. आधीच पासपोर्ट असल्यास त्याची मुदत पाहावी. दोन वर्षांचा करार करायचा असेल तर किमान तीन वर्षे शिल्लक असावीत, हा सुरक्षित नियम आहे.

त्यानंतर पदवी आणि बी.एड. प्रमाणपत्र. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची स्थापना जळगाव येथे १९९० मध्ये झाली आणि २०१८ मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. त्यामुळे २०१८ पूर्वीच्या पदवीवर जुने नाव असते, तर १९९० पूर्वी पदवी घेतलेल्या ज्येष्ठ शिक्षकांची पदवी पुणे विद्यापीठाची असते. नावबदलाबाबत विद्यापीठाचे एक पत्र सोबत ठेवले की पडताळणीत अडथळा येत नाही. ज्यांचे पदवी प्रमाणपत्र अद्याप विद्यापीठातच पडून आहे, त्यांनी ते आणि सर्व वर्षांचे ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे विषयवार गुणांचा विद्यापीठाचा अधिकृत उतारा, एकाच अर्जाच्या वेळी मागवावे. बी.एड. २०१५ पूर्वीचे असेल तर ते बहुधा एक वर्षाचे असणार, कारण देशभर दोन वर्षांचा अभ्यासक्रम २०१५ पासून लागू झाला. हे परदेशी शाळेला अर्जातच स्पष्ट सांगावे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून बी.एड. केलेल्यांनी विशेष काळजी घ्यावी. काही देशांत दूरस्थ पद्धतीच्या पदव्यांना मान्यता मिळवणे अवघड जाते, म्हणून ऑफर स्वीकारण्याआधी शाळेकडून ही पदवी चालेल असे ईमेलवर लेखी घ्यावे. फोनवरील होकाराला येथे अर्थ नाही.

साक्षांकनाचे दोन मार्ग आहेत. हेग अपोस्टिल करारातील देशांसाठी भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा या सर्व देशांत चालणारा शिक्का, पुरतो. भारतात हा करार २००५ पासून लागू आहे. ओमान, बहरीन, सिंगापूर आणि २०२२ पासून सौदी अरेबिया हे देश या करारात आहेत. संयुक्त अरब अमिराती, कतार आणि कुवेत यांच्यासाठी मात्र साखळी लांबते : आधी विद्यापीठ व राज्य शासनाचे साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचे, त्यानंतर त्या देशाच्या दूतावासाचे, आणि तेथे पोहोचल्यावर तेथील परराष्ट्र मंत्रालयाचे. राज्याचा टप्पा मुंबईत होतो, तेव्हा जळगाव-भुसावळहून एका फेरीत शक्य तेवढे उरकेल असे नियोजन करावे. खासगी एजन्सी हे काम शुल्क घेऊन करतात; मूळ पदवी त्यांच्या हाती देताना सहीची पावती घ्यावी, आणि त्याआधी प्रत्येक कागद दोन्ही बाजूंनी स्कॅन करून ठेवावा.

पोलीस पडताळणी प्रमाणपत्र पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावरूनच मागता येते. त्याचे शुल्क ५०० रुपये आहे. हे फार आधी काढू नये, कारण बहुतेक शाळा काही महिन्यांच्या आतले प्रमाणपत्र मागतात. मुलांच्या सुरक्षेबाबत आंतरराष्ट्रीय शाळा अत्यंत काटेकोर असतात, त्यामुळे आपण पूर्वी दुसऱ्या एखाद्या देशात राहिला असाल तर त्या देशाचे प्रमाणपत्रही मागितले जाईल.

तिसरी पायरी : गावी राहून पात्रता वाढवणे

कागदपत्रे फिरत असताना हातात काही महिने असतात. केंब्रिजचे अभ्यासक्रम आणि अनेक जुन्या प्रश्नपत्रिका त्यांच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. आपल्या विषयाचा आयजीसीएसई अभ्यासक्रम पूर्ण वाचावा, पाच-सहा प्रश्नपत्रिका स्वतः सोडवाव्यात आणि गुणदानाची पद्धत बारकाईने पाहावी. आपल्या बोर्डाच्या उत्तरपत्रिकांत मांडणीला आणि पाठ्यपुस्तकातील वाक्याला गुण मिळतात. तेथे प्रश्नातील ‘स्पष्ट करा’, ‘तुलना करा’, ‘मूल्यमापन करा’ यांपैकी नेमके काय विचारले आहे त्यावर गुण ठरतात. हा फरक ज्याला उमगला त्याची मुलाखत निम्मी जिंकलेली असते.

शक्य असल्यास एक-दोन वर्षे नाशिक, पुणे किंवा मुंबईतील केंब्रिज वा आयबी शाळेत काम करावे. परदेशी शाळेचा प्राचार्य अर्ज वाचताना सर्वप्रथम त्याच अभ्यासक्रमाचा अनुभव शोधतो, आणि देशातच मिळालेला असा अनुभव महागड्या अभ्यासक्रमांपेक्षा अधिक उपयोगी पडतो. ब्रिटिश विद्यापीठांचे आंतरराष्ट्रीय पीजीसीई, म्हणजे पदवीनंतरच्या शिक्षक प्रशिक्षणाचे, अभ्यासक्रम ऑनलाइन करता येतात, परंतु त्यांचे शुल्क मोठे असते आणि या पदविकेने इंग्लंडचा शिक्षक दर्जा, म्हणजे क्यूटीएस, मिळत नाही. जाहिरातींत ही बाब धूसर ठेवली जाते. उलट फेब्रुवारी २०२३ पासून भारतातील पात्र गणित, विज्ञान आणि भाषा शिक्षकांना क्यूटीएससाठी थेट अर्ज करता येतो. अटी वाचून अर्ज करून पाहायला हरकत नाही, कारण ब्रिटिश शाळांत त्या एका ओळीने अर्जाचे वजन बदलते.

मराठी किंवा सेमी इंग्रजी माध्यमातून आलेल्या शिक्षकांना इंग्रजीची धास्ती असते. विषयाचे इंग्रजी त्यांना येतच असते. अडते ते वर्गातील बोलण्याचे, म्हणजे शंका विचारायला लावणे, चुकीच्या उत्तरातून पुढे नेणे, आवाज न चढवता वर्ग शांत करणे. स्वतःचा दहा मिनिटांचा पाठ मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावा आणि त्यात आपण किती वेळ बोललो व विद्यार्थ्यांना बोलायला किती जागा ठेवली ते ऐकावे. काही देशांच्या व्हिसासाठी आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा लागते, म्हणून ती परीक्षा द्यायची की नाही हे देश ठरल्यावर पाहावे.

चौथी पायरी : अर्ज आणि मुलाखत

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होणाऱ्या शाळांची भरती आदल्या ऑक्टोबरपासून चालू होते आणि जानेवारी-फेब्रुवारीत ती ऐन भरात असते. एप्रिलनंतर निघणाऱ्या जागा ऐनवेळी रिकाम्या झालेल्या असतात. त्या वाईट असतात असे नाही, पण तेथे विचाराला वेळ मिळत नाही. टेस आणि सर्च असोसिएट्स यांसारख्या शिक्षकभरती करणाऱ्या ठिकाणी नोंदणी करावी आणि पसंतीच्या शाळांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरही अर्ज पाठवावा.

बायोडाटा दोन पानांचा असावा. धर्म, जात, वडिलांचे नाव, वैवाहिक स्थिती आणि शेवटी ‘वरील माहिती सत्य आहे’ असे निवेदन, ही आपल्याकडची पद्धत तेथे अनावश्यक ठरते. त्याऐवजी कोणत्या इयत्तांना, कोणत्या अभ्यासक्रमाने, किती विद्यार्थ्यांना शिकवले आणि शाळेत आणखी कोणती जबाबदारी सांभाळली हे लिहावे. विज्ञान प्रदर्शन, स्काउट, नाट्यस्पर्धा, कबड्डीचा संघ यांचा उल्लेख आवर्जून करावा, कारण बहुतेक आंतरराष्ट्रीय शाळांत प्रत्येक शिक्षकाने शाळा सुटल्यावर एखादा उपक्रम चालवणे अपेक्षित असते.

शिफारस देणाऱ्यांची नावे देताना सध्याच्या मुख्याध्यापकांना आधी सांगावे. शाळा त्यांना थेट, गोपनीय पत्र पाठवते आणि ते शाळेच्या अधिकृत ईमेलवर जावे अशी तिची अपेक्षा असते; आपल्याकडील अनेक शाळांना असा ईमेलच नसतो किंवा तो लिपिकाखेरीज कोणी उघडत नाही. ही व्यवस्था अर्जाआधी लावून घ्यावी, नाहीतर पत्राला उत्तर न गेल्यामुळेच निवड अडकते.

मुलाखत व्हिडिओवर होते. गावातील वीज आणि इंटरनेटचा भरवसा नसेल तर त्या दिवशी जळगाव किंवा धुळ्याला नातेवाइकाकडे जाऊन बसावे. मुलांच्या सुरक्षेविषयी एक प्रश्न हमखास येतो : एखाद्या विद्यार्थ्याने घरी मारहाण होते असे तुम्हाला विश्वासाने सांगितले, तर काय कराल? ‘पालकांना बोलावून समजावीन’ हे उत्तर आपल्याकडे स्वाभाविक वाटले तरी तेथे ते चुकीचे ठरते. गुप्त ठेवण्याचे वचन मुलाला द्यायचे नसते, खोदून प्रश्न विचारायचे नसतात, ऐकलेले त्याच्याच शब्दांत लिहून ठेवायचे असते आणि शाळेच्या बालसुरक्षा अधिकाऱ्याला लगेच कळवायचे असते. छडी किंवा कान पिरगळणे यांबद्दल तर बोलायलाच नको. तेवढ्यावर नोकरी जाते आणि पोलिसांपर्यंतही प्रकरण जाऊ शकते.

एजंटमार्फत जायचे असेल तर तो उत्प्रवास कायदा १९८३ नुसार नोंदणीकृत आहे का हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासावे. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून घेता येणाऱ्या सेवाशुल्काची मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी अशी आहे. चांगल्या शाळा उमेदवाराकडून पैसे घेतच नाहीत. ‘सध्या व्हिजिट व्हिसावर या, तेथे आल्यावर बदलून देऊ’ असे कोणी म्हणाले तर तेथेच बोलणे थांबवावे, कारण त्या व्हिसावर शिकवणे बेकायदेशीर असते आणि दंड शिक्षकालाही बसतो.

पाचवी पायरी : करार वाचणे

वेतनाचा आकडा रुपयांत बदलून हरखून जाण्याची सवय आधी सोडावी. करारात मूळ वेतन किती आणि भत्ते किती हे वेगळे पाहावे लागते, कारण नोकरी संपताना मिळणारी ग्रॅच्युइटी मूळ वेतनावर मोजली जाते. संयुक्त अरब अमिरातीत एक वर्ष पूर्ण झाल्यावर, पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचे आणि पुढील प्रत्येक वर्षासाठी ३० दिवसांचे मूळ वेतन ग्रॅच्युइटी म्हणून मिळते. एकूण रक्कम तीच ठेवून मूळ वेतन लहान आणि भत्ते मोठे दाखवले, तर शाळेचे पैसे वाचतात आणि शिक्षकाचे जातात.

घर शाळा देणार की घरभत्ता, हा प्रश्न दुसरा. दुबईत भाडे वर्षाचे ठरते आणि ते मोजक्या धनादेशांत आगाऊ द्यावे लागते, वर अनामत रक्कम असते. त्यामुळे घरभत्ता महिन्याला मिळणार असेल तर पहिल्या धनादेशाची सोय कुठून करायची हे निघण्यापूर्वी ठरवावे. वर्षातून एकदा घरी येण्याचे विमानभाडे, वैद्यकीय विमा आणि मुलांच्या शुल्कातील सवलत या तीन गोष्टी कुटुंबाला लागू आहेत की फक्त शिक्षकाला, हे स्पष्ट विचारावे. दोन मुलांचे शुल्क स्वतः भरावे लागले तर परदेशातील नोकरीतून शिल्लक राहणारी रक्कम जळगावच्या पगारापेक्षा कमी भरू शकते. कुटुंब सोबत नेण्यासाठी अमिरातीत किमान ४,००० दिरहम, अथवा ३,००० दिरहम आणि निवास, एवढे उत्पन्न लागते. परंतु ही कायद्याची अट आहे, एवढ्यात घर चालेल असा तिचा अर्थ नाही. दिरहम डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, तेव्हा रुपया डॉलरपुढे घसरला की घरी येणारी रक्कम वाढते आणि सावरला की कमी होते.

परिवीक्षा काळ, नोटिशीचा काळ आणि वर्षाच्या मध्येच सोडल्यास काय भरावे लागेल, ही कलमे दोनदा वाचावीत. अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्यानुसार परिवीक्षा सहा महिन्यांपेक्षा अधिक असू शकत नाही, आणि भरतीचा व व्हिसाचा खर्च कर्मचाऱ्यावर टाकता येत नाही. पासपोर्ट शाळेने ‘सुरक्षित’ ठेवून घेणे हेही तेथे बेकायदेशीर आहे. ऑफर लेटर आणि तेथील कामगार मंत्रालयात नोंदवला जाणारा करार यांतील आकडे जुळतात का, हे सही करण्यापूर्वी पाहावे.

सहावी पायरी : येथील नोकरी, बँक आणि शेती

अनुदानित खासगी शाळेतील कायम शिक्षकाला सेवा सोडताना तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, आणि व्हिसा मात्र बऱ्याचदा रुजू होण्यापूर्वी काही आठवडेच हातात येतो. या दोन तारखा जुळवणे हे कौशल्याचे काम आहे. संस्थाचालक आणि मुख्याध्यापक यांना मार्चमध्येच विश्वासात घ्यावे, विनावेतन असाधारण रजा मिळू शकते का ते लेखी विचारावे, आणि राजीनामा द्यायचाच असेल तर सही झालेला करार हाती आल्याशिवाय देऊ नये. कार्यमुक्तीचा आदेश, अनुभव प्रमाणपत्र आणि सेवापुस्तिकेची साक्षांकित प्रत घेऊनच शाळा सोडावी. वर्षभराने मुख्याध्यापक बदललेले असतात आणि फाइल सापडत नाही.

नोकरीसाठी देश सोडला की परकीय चलन कायद्यानुसार व्यक्ती अनिवासी ठरते आणि तिचे साधे बचत खाते एनआरओ खात्यात, म्हणजे अनिवासी व्यक्तीच्या भारतातील उत्पन्नासाठीच्या खात्यात, बदलून घ्यावे लागते. परदेशातील कमाई पाठवण्यासाठी वेगळे एनआरई खाते उघडावे. त्यावरील व्याज करमुक्त असते आणि रक्कम परत बाहेर नेता येते. आयकराचा हिशेब निराळा आहे : नोकरीसाठी बाहेर जाणाऱ्या भारतीय नागरिकाचे त्या आर्थिक वर्षात भारतातील वास्तव्य १८२ दिवसांपेक्षा कमी असेल तर तो करासाठी अनिवासी धरला जातो. ऑगस्टमध्ये निघणाऱ्याला ही अट सहज जमते, नोव्हेंबरमध्ये निघणाऱ्याला जमत नाही. जुने पीपीएफ खाते मुदतीपर्यंत चालू ठेवता येते, नवे उघडता येत नाही.

खानदेशात याहून मोठा प्रश्न शेतीचा असतो, आणि त्याबद्दल फारसे कोणी सांगत नाही. अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही आणि बक्षीसपत्राने स्वीकारताही येत नाही. आधीपासून नावावर असलेली जमीन ठेवता येते आणि वारसाहक्काने मिळालेलीही चालते. दुबईच्या पैशातून रावेर-यावलकडे केळीचे चार एकर घेऊ, असा बेत असेल तर तो आजच तपासून पाहावा. कोणाच्या तरी नावावर घेऊन ठेवण्याचा सल्ला देणारे भेटतील, परंतु तो मार्ग भावाभावांतील खटल्यांकडे जातो. सातबाऱ्यावरील नोंदी, वाटणी, पीक कर्ज यांची कामे निघण्यापूर्वी मार्गी लावावीत. मागे राहिलेल्या कामांसाठी विश्वासू व्यक्तीला मुखत्यारपत्र द्यावे, ते दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवावे आणि त्यात कोणती कामे करता येतील हे मोजून लिहावे. सरसकट सर्वाधिकार देणारा कागद लिहून देऊ नये.

सातवी पायरी : सामान आणि पहिला महिना

बॅगेत काय न्यायचे हे घरची मंडळी ठरवतात, तेव्हा एक धोक्याची सूचना. खसखस अमिरातीत अमली पदार्थांच्या यादीत येते आणि ती नेल्याबद्दल प्रवाशांना अटक झाली आहे. घरच्या काळ्या मसाल्यात खसखस घातलेली असेल तर तो मसाला नेऊ नये. हवा असल्यास तिच्याशिवाय वेगळा कुटून घ्यावा. कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेली औषधे, झोपेच्या आणि मानसोपचाराच्या गोळ्या यांसाठी आधी परवानगी घ्यावी लागते. कळण्याचे पीठ, उडदाचे पापड, कुरडया यांना अडचण येत नाही. उन्हाची भीती भुसावळच्या माणसाला घालण्यात अर्थ नाही, पण वर्गातील वातानुकूलन इतके कडक असते की एक स्वेटर लागतोच.

सुट्यांचे वेळापत्रकही समजून घ्यावे. अमिरातीत २०२२ पासून बहुतेक ठिकाणी शनिवार-रविवार सुटी असते आणि शुक्रवारी अर्धा दिवस. सौदी, कतार, कुवेत आणि ओमान येथे शुक्रवार-शनिवार. दिवाळीत बहुधा शाळा चालूच असते आणि आखाजीला घरी येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, हे घरच्यांना आधी सांगून ठेवावे.

शिकवणीची सवय असलेल्यांनी एक पथ्य पाळावे. अमिरातीत खासगी शिकवणीसाठी स्वतंत्र परवाना लागतो, जो डिसेंबर २०२३ पासून विनामूल्य मिळतो. पण स्वतःच्या शाळेतील विद्यार्थ्यांची शिकवणी घेण्यास बहुतेक शाळांचा करारच मनाई करतो. विद्यार्थ्यांची छायाचित्रे स्वतःच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर टाकणे आणि परवानगीशिवाय कोणासाठी वर्गणी गोळा करणे, या येथे निरुपद्रवी वाटणाऱ्या गोष्टी तेथे कायद्याच्या कचाट्यात सापडतात.

आठवी पायरी : पहिले सत्र

वर्गात वीस-बावीस मुले आणि दहा-बारा देश, अशी रचना असते. काही मुलांची इंग्रजी दुसरी किंवा तिसरी भाषा असते, तेव्हा एकच धडा तीन पातळ्यांवर तयार ठेवावा लागतो. सुरुवातीला रोज दोन तास केवळ नियोजनात जातात. फळ्यावर लिहून मुलांनी उतरवून घेण्याची पद्धत पहिल्या आठवड्यातच अपुरी पडते. मुले हात वर न करता प्रश्न विचारतात, शिक्षकाचे चुकले तर तसे सांगतात, आणि त्यात उद्धटपणा नसतो. ‘मला माहीत नाही, आपण शोधू या’ असे म्हणणारा शिक्षक तेथे कमी प्रतीचा मानला जात नाही.

मूल्यमापन हा खरा कसोटीचा भाग आहे. आयबीमध्ये प्रत्येक विषयाला १ ते ७ श्रेणी असते, डिप्लोमाचे एकूण गुण ४५ असतात आणि त्यांत चार हजार शब्दांचा विस्तारित निबंध व ज्ञानमीमांसेचा विषय यांचाही वाटा असतो. विद्यापीठ प्रवेशासाठी शिक्षकाला विद्यार्थ्याची अपेक्षित श्रेणी आधीच लिहून द्यावी लागते. पालक ती वाढवण्यासाठी दबाव आणतात. अशा वेळी वर्षभरातील चाचण्यांची नीट ठेवलेली नोंद हाच एकमेव आधार असतो. प्रगतिपुस्तकावर ‘समाधानकारक’ एवढे लिहून चालत नाही. विद्यार्थ्याला काय येते, काय येत नाही आणि पुढे काय करावे हे तीन-चार वाक्यांत, प्रत्येकासाठी वेगळे लिहावे लागते. अशी शंभर मुले असतील तर दोन शनिवार-रविवार त्यातच जातात, तेव्हा नमुना वाक्ये सप्टेंबरपासूनच जमवावीत.

पालकांच्या ईमेलला शाळेने ठरवलेल्या मुदतीत, बहुधा एक-दोन कामकाजाच्या दिवसांत, उत्तर द्यायचे असते. रागाचा ईमेल आला तर विभागप्रमुखाला दाखवूनच उत्तर द्यावे. अडचण वरिष्ठांना लवकर सांगणे तेथे कमकुवतपणाचे लक्षण समजले जात नाही. उलट वर्ग हाताबाहेर गेल्यावर कळले तर परिवीक्षेत तेच अंगलट येते.

पुढील वर्षी राहणार की नाही, हा प्रश्न शाळा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच विचारते, म्हणजे नवख्या शिक्षकाला रुजू होऊन जेमतेम तीन महिने झालेले असतात. दोन वर्षांचा करार असेल तर तो पूर्ण करावा, कारण मध्येच सोडल्याची नोंद पुढील प्रत्येक अर्जात विचारली जाते. सोडताना अनुभव प्रमाणपत्र, प्रशिक्षणांची प्रमाणपत्रे आणि त्या देशाचे पोलीस प्रमाणपत्र व्हिसा रद्द होण्यापूर्वी घ्यावे. भारतात परतल्यावर हेच कागद मिळवायला दूतावासाचे हेलपाटे पडतात. अमिरातीत ग्रॅच्युइटीसह सर्व देणी करार संपल्यापासून १४ दिवसांत देणे बंधनकारक आहे, आणि ती जमा होईपर्यंत तेथील बँक खाते बंद करू नये.